उत्तरेच्या बोळातली बाग : सावली मोजण्यापासून बेडूक येईपर्यंत

आमच्या घराच्या उत्तरेला साडेचार फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब बोळ आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत. इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत, असा बोळ पुष्कळ घरांना असतो आणि त्याची गतही सारखीच असते : तुटकी बादली, जुना कूलर, गंजलेली शिडी, आणि वर शेरा की इथं ऊन येत नाही, काही उगवत नाही. आजी होती तोवर तिथे मोरीच्या पाण्यावर अळू असायचं. ती गेली, मागोमाग अळूही गेलं, आणि आम्ही फरशी घालायला निघालो. गवंडी माप घेऊन गेला होता.

ती फरशी घातली नाही याचं मला आज फार समाधान आहे. सहा वर्षांत त्या बोळात नेचे (फर्न) आले, विड्याचा वेल दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकला, आणि पावसाळ्यात रात्री बेडकांचं ओरडणं ऐकू येतं. हे कसं जमलं आणि कुठे चुकलं ते क्रमानं लिहिते आहे. बोळ नसेल, आंब्याखालची जागा असेल, जिन्याखालचा कोपरा किंवा फ्लॅटची उत्तरेची बाल्कनी असेल, तरी रीत हीच.

आधी एक हट्ट सोडा : उन्हाची झाडं सावलीत जगवायचा. मोगरा सावलीत भरपूर पानं देतो, फूल देत नाही. गुलाबाच्या नुसत्या काटक्या वाढतात. तुळस उजेडाकडे मान लांब करत दोन-तीन महिन्यांत वाळते, आणि घरात उगाच अपशकुनाची चर्चा सुरू होते. तिला गच्चीवर ठेवा. बोळ त्यांना द्या ज्यांना बोळच हवा असतो.

सावली मोजायची, आणि ती दोनदा

पहिल्या वर्षी मी जानेवारीत नर्सरीतून डझनभर नेचे आणले. विक्रेता म्हणाला, "छाया का पौधा है, कहीं भी रख दो." बोळाच्या पश्चिमेच्या टोकाला ओळीनं ठेवले. मार्चपर्यंत दृष्ट लागावी असे होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पानं भाजलेल्या पापडासारखी झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी दिवसातून दोनदा पाणी घालायला लागले, आणि वर जे वाचलं होतं ते खाली मुळाशी कुजलं. बारापैकी नऊ गेले.

दोष नेच्यांचा नव्हता, विक्रेत्याचाही नव्हता. जानेवारीतली सावली मेमध्ये त्या जागी राहत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो, म्हणजे भिंतीची सावली जवळपास भिंतीइतकीच लांब पडते : वीस फूट भिंत, वीस-एकवीस फूट सावली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि त्याच भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी गोळा होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सकाळ-संध्याकाळची. सप्टेंबरच्या २३ पासून मार्चच्या २१ पर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. त्यानंतर सूर्य ईशान्येकडे सरकत उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मध्ये आडोसा नसेल तर, उत्तरेच्या भिंतीवर सूर्योदयापासून सकाळी सव्वादहापर्यंत आणि दुपारी अडीचनंतर सूर्यास्तापर्यंत ऊन येतं. सकाळचं ऊन झाडं सोसतात. दुपारी अडीचनंतरचं मेमधलं ऊन, त्यात माळव्याची कोरडी लू, हे सावलीच्या झाडाला सोसवत नाही. माझे नेचे नेमके त्या टोकाला होते.

म्हणून खडू घ्या. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार, या तीन वेळांना जमिनीवर उन्हाची कड आखा आणि फोटो काढून ठेवा. साडेबारा अशासाठी की इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नाही. वर्षभरात ती वेळ बारा-दहा ते बारा-चाळीसच्या दरम्यान हलते. ही आखणी एकदा डिसेंबर-जानेवारीत करायची आणि एकदा मेच्या मध्यावर. घाई असेल तर आज एक आखणी करा आणि दुसरीसाठी वरचं गणित वापरा. पण मे पाहिल्याशिवाय महागडं झाड आणू नका.

उजेड किती आहे हे डोळ्याला नीट कळत नाही, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं दिसतंय की चांगलं. हाताची सावली पाहा. दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंच हात धरा. बोटं वेगवेगळी, कडा धारदार दिसल्या तर ते ऊन. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट, तर हलकी सावली. नुसता धूसर डाग, तर मध्यम. काहीच नाही, तर गर्द. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं अ‍ॅप टाकलं तर आकडाही मिळतो : उघड्यावरच्या भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत दहा हजारांच्या घरात, आणि आमच्या बोळाच्या तळाशी हजार ते दोन हजार. पाचशेच्या खाली झाडं फार तर टिकतात, वाढत नाहीत.

झाडाखालची सावली वेगळी. आंब्याची सावली बाराही महिने दाट असते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, तेवढे आठवडे खाली ऊन उतरतं, आणि एप्रिल येईतो पालवीनं पुन्हा छत धरतो. कडुनिंबाच्या सावलीत उन्हाचे ठिपके दिवसभर सरकत राहतात. तळाच्या झाडांची बरीचशी कमाई त्या ठिपक्यांवरच होते. त्यामुळे कडुनिंबाखाली बाग करणं सोपं, आंब्याखाली जरा कसोटीचं.

पाला झाडू नका

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या शिस्तीत आपल्याला एक सवय लागली : पान पडलं की उचल, गाडीत टाक. प्लॅस्टिक कचरा आहे. पान कचरा नाही. जंगलातल्या सावलीची सगळी जमीन पडलेल्या पानांतून तयार झालेली असते, आणि सावलीतल्या झाडाला आणि जिवाला पहिली गरज त्याच जमिनीची आहे.

याच इंदुरात हे काम शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये शेतीसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. तिथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक दिवसांनी उलटेपालटे करून, साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. १९३१ मध्ये ती छापून आली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. शेण मिळत असेल तर तशीच करा.

बोळापुरतं मात्र नुसतं पानखत पुरतं, आणि सावलीच्या झाडांना ते जास्त मानवतं, कारण ते हळू कुजतं आणि स्पंजासारखं पाणी धरतं. कोंबड्यांच्या जाळीचं तीन फूट रुंद, तीन फूट उंच पिंप करून कोपऱ्यात उभं करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीत कडुनिंबाची पानं उतू जातात, ती भरा. कडुनिंबाची बारीक पानं लवकर कुजतात, आंब्याची चामड्यासारखी असतात, ती पायानं चुरडून टाका. भरताना थरागणिक पाणी शिंपडा, वर जुनं पोतं झाका, उन्हाळाभर आठवड्यातून एकदा भिजवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. आपल्या हवेत उघडा ढीग वाळतो आणि वर्षभरानंतरही पानं पानंच राहतात. ओलावा राहिला तर सहा महिने ते वर्षभरात काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत हाती येतं.

माती आपली काळी. ओली झाली की चिकट आणि फुगलेली, वाळली की भेगा. कुंडीत ती एकटी घालू नका. एक भाग काळी माती, दोन भाग पानखत, एक भाग जाड नर्मदेची रेती, एवढं पुरे. जमिनीत लावणार असाल तर आधी भिंतीलगतचा बांधकामाचा राडारोडा काढा. आमच्याकडे नऊ इंच खोल खणल्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे मिळून अकरा घमेली निघाले.

मोठ्या झाडाखाली मात्र खणू नका. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात. वर दोन इंच पानखत पसरा, मुळांच्या मध्ये जिथे खुरपं सहज जाईल तेवढाच खळगा करून रोप बसवा, आणि खोडाला माती टेकू देऊ नका, साल कुजते.

काय लावायचं

सावलीचं झाड ओळखायची खूण पानात असते. पान रुंद, पातळ, गडद हिरवं. थोड्या उजेडातलं जेवढं पकडता येईल तेवढं पकडायला पसरलेलं. अशा झाडाचा रोजचा खर्चही कमी असतो. वाढ सावकाश, म्हणून पाणी कमी, खतही निम्मं. सावलीतली झाडं उपासानं मरत नाहीत, अतिलाडानं मरतात.

सकाळचं दोन-तीन तास ऊन किंवा ठिपक्यांचा उजेड मिळणारी हलकी सावली असेल तर हळद, आंबेहळद, सोनटक्का, कढीपत्ता, पुदिना, अडुळसा आणि पावसाळ्यात तेरडा. हळद मी आवर्जून सांगेन. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत कंद पुरायचे, श्रावणात पानं पातोळ्यांना, आणि डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून लोळली की खणायचं. पिवळी पडली म्हणजे मेली असं समजून कुंडी रिकामी करू नका. खाली कंद झोपलेले असतात. सोनटक्क्याचंही थंडीत तसंच.

थेट ऊन नाही पण वर आकाश दिसतं, अशी मध्यम सावली म्हणजे खरी मेजवानी. आजीचं अळू इथलंच. वडीसाठी काळ्या देठाचं लावा; पाट काढून ओलावा धरला की एका कंदाचे वर्षात आठ-दहा होतात. शेजारी मंडूकपर्णी पसरू द्या, तीही ओल्या सावलीत गालिच्यासारखी होते. बेगोनिया, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, जांभळ्या पाठीच्या पानांचा रिओ, हे सगळे इथे सुखी.

विड्याच्या वेलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सावलीत शेती करायची कला आपल्या लोकांना केव्हापासून येते, हे तो वेल दाखवतो. मध्य प्रदेशात पानाची शेती 'बरेजा'त होते : बांबू, काटक्या आणि गवताचं छत, भोवती कूड, आत अर्धा उजेड आणि दमट हवा. आपल्या महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत वेल पांगारा, शेवगा, हादग्यावर चढवतात आणि सावलीही त्यांचीच धरतात. लू आणि कडाक्याची थंडी, दोन्हींपासून वेल जपायचा, एवढंच त्याचं मर्म. दोन भिंतींमधला बोळ म्हणजे तयार बरेजाच. जुलैत तीन-चार पेरांची काडी घ्या, दोन पेरं मातीत, बाकी वर. पेरापेराला मुळं फुटतात. त्यांना धरायला भिंतीला ओलं पोतं किंवा काथ्या बांधलेली काठी द्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की पानं काळवंडतात, तेवढे दिवस संध्याकाळी जुनी चादर टाका. पहिल्या वर्षी पानं खुडू नका.

नेच्यांत सुरुवात साध्या नेच्यानं करा, जो आडवे धागे सोडून पसरतो. हंसराज, म्हणजे काळ्या चकचकीत तारेसारख्या देठाचा आणि पंख्यासारख्या इवल्या पानांचा, तो मन मोहतो पण एका दिवसाच्या लूमध्ये जातो. त्याला चुन्याची भिंत आणि सतत झिरपा आवडतो, म्हणून माळव्यातल्या जुन्या बावड्यांच्या आत तो दगडांच्या फटींत दिसतो. नेच्याला फूल नाही, बी नाही. तो बीजाणूंवर वाढतो, आणि त्याच्या पुढच्या पिढीला गर्भधारणेसाठी पाण्याचा पातळ थर लागतोच. एवढ्यासाठी त्याला ओल सोडवत नाही.

नेच्याचं जुनं पान उलटं करून पाहा. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील, मोजून मांडल्यासारख्या, शिरेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. माझ्या मावशीनं कीड समजून त्यावर औषध मारलं होतं. ती बीजाणूंची घरं आहेत. कीड कधी इतकी शिस्तीत बसत नाही.

गर्द सावलीत, जिन्याखाली किंवा बोळाच्या तळाशी, निवड थोडी : स्नेक प्लांट, झेडझेड, अ‍ॅग्लोनिमा, मनी प्लांट, ड्रेसिना. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पानं इथे हळूहळू साधी हिरवी होतात, ते आजारपण नाही, झाडानं कमाई वाढवली आहे. घरात रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर डिफेनबाखिया आणू नका. अळूच्या कुळातल्या या झाडांत सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंड सुजतं. मनी प्लांट आणि सिंगोनियमही त्याच कुळातली, तीही हात पोचणार नाही अशी ठेवा.

पाताळपाणीच्या दरीत किंवा चोरलकडे पावसाळ्यात गेलात तर तिथले नेचे पाहा, उपटून आणू नका. राळामंडळ तर अभयारण्य आहे. दरीतला नेचा घरी दोन महिने जगतो आणि तिथली जागा कायमची रिकामी होते.

लावणी आणि पाणी

लावणी जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. मध्ये आठवडाभर उघडीप पडते आणि कोवळी मुळं होरपळतात. जमीन वीतभर ओली झाली की लावा. दोन झाडांत दीड-दोन फूट सोडा. पहिल्या वर्षी जागा उघडी वाटेल, तिथे दोन-तीन इंच कोरडी पानं पसरा आणि धीर धरा.

पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर घालायचं नाही, वरून कितीही कोरडं दिसो. जुलै ते सप्टेंबर आमच्या बोळात पाण्याची झारी लागत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून मी आईची युक्ती वापरते : जुने माठ. फुटका नव्हे, झिरपणारा. गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भरा, झाकण ठेवा. चार दिवस तो आजूबाजूची दीड फूट माती ओली ठेवतो. झाकण घट्ट हवं, नाहीतर आत डास होतात.

बोअरचं पाणी आमच्याकडे जड आहे. त्यानं नेच्यांच्या कडा तपकिरी होतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. कूलर साफ करताना निघालेलं पाणी आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, दोन्हींत क्षार साठलेले असतात. ते नेच्यांना घालू नका, पायऱ्या धुवा. पावसाचं पाणी पिंपात धरलंत तर हंसराजासाठी राखून ठेवा.

मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पश्चिमेच्या तोंडाला पन्नास टक्के हिरवी जाळी बांधा, आणि दुपारी झाडांवर नाही, जमिनीवर पाणी शिंपडा. हे दोन केले असते तर माझे नऊ नेचे वाचले असते.

आता जीव येऊ द्या

झाडं आणावी लागतात, जीव आपोआप येतात. त्यांना आडोसा, ओल आणि कीटकनाशकापासून अभय, एवढं मिळालं की झालं. बोळाच्या दूरच्या टोकाला, दारापासून लांब, दोन-तीन जुनी कौलं भिंतीला टेकवा. एक खापर पालथं घाला, कडेला तीन बोटांचं दार ठेवा. आंब्याचा एखादा ओंडका जमिनीत अर्धा पुरून ठेवा आणि कुजू द्या. उथळ परात ठेवा, त्यात एक दगड तिरका, म्हणजे जो आत पडेल त्याला चढता येईल.

परातीबद्दल हयगय नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि गरमीत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ठरलेल्या वारी पाणी फेकायचं आणि परात काथ्यानं घासायची. अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच ठेवा. तसंच कौलं-ओंडका हलवताना जाड हातमोजे घाला, आधी काठीनं उचलून पाहा. विंचू आणि गोमेलाही तीच जागा आवडते. ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

मग आषाढात, दोन-चार दिवस पाऊस पडून गेला की, रात्री साडेनऊला टॉर्चवर लाल पातळ कागद लावून बोळात जा आणि दहा मिनिटं उभ्या राहा. मी गेल्या वर्षी ओंडक्याची साल एका काडीनं जराशी उचलली. खाली वीस-पंचवीस करडे किडे, मुगाच्या डाळीएवढे, पाठीवर चिलखताच्या पट्ट्या. काडी लागली तशी दोन-तीनांनी गोळी केली, बाकीचे उजेडापासून पळाले. दिसायला किडे, पण हे खेकड्या-कोळंबीच्या कुळातले. त्यांची श्वास घ्यायची व्यवस्था अजून ओलीवर चालते, कोरड्या हवेत ते गुदमरतात, म्हणून सालीखाली, पानाखाली, कुंडीखाली. पानांचा भुगा करायचं पहिलं काम त्यांचं. शेजारून एक वाणी चालला होता, पायांच्या लाटा मागून पुढे सरकत. तोही वाळलेल्या पानांवरच जगतो. त्याला हात लावला तर पिवळसर, उग्र वासाचा रस सोडतो, हात धुवावे. गोम मात्र चावते. ओळख सोपी : वाणी गोल आणि सावकाश, गोम चपटी आणि सुसाट.

मोरीच्या तोंडाशी भेक बसला होता, खडबडीत पाठीचा, गळ्याखालची कातडी सतत हलणारी. बेडकाच्या जातीला कातडीतूनही श्वास घ्यावा लागतो. ती वाळली की जीव जातो, आणि त्यावर फवाऱ्याचं औषध पडलं तरी जातो. उन्हाळाभर तो मातीत किंवा कौलाखाली दडलेला असतो. आमचा भेक तिथेच बसून एका रात्री किती वाळवीचे पंखवाले खाऊन गेला ते मोजता आलं नाही.

भिंतीवर, डोळ्याच्या उंचीवर, एक सुकं पान चिकटलेलं होतं. फुंकर मारली तर उडालं. संध्याकाळी आणि पहाटे फिरणारं तपकिरी फुलपाखरू ते. दिवसा पाचोळ्यात बसतं आणि दिसत नाही. पावसाळ्यात जन्मलेल्यांच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके असतात, कोरड्या दिवसांत जन्मलेल्यांना ते जवळजवळ नसतात, हुबेहूब वाळलेलं पान. त्याच्या अळ्या गवतावर वाढतात, म्हणून बोळाच्या कडेचं गवत एका ठिकाणी तरी राहू द्या.

पाखरं उशिरा आली. दुसऱ्या पावसाळ्यात दयाळ पाचोळा उचकटायला लागला. सातभाईंचा कळप येतो तेव्हा पानं उधळून जातो, ती पुन्हा पसरावी लागतात; त्यांचं ते काम मातीच्या भल्याचं आहे. शिंप्यानं एकदा हळदीचं पान शिवलं. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज हाही सावलीचाच, पण त्याला दाट झाडी लागते, बोळ पुरत नाही. घराभोवती आंबे-जांभळांची जुनी बाग असेल तर मात्र उन्हाळ्यात वर बघत राहा.

अडचणी

गोगलगायी अळूची कोवळी पानं खातात. गोळ्या टाकू नका, त्या खाऊन भेक आणि पाखरं मरतात. पहिल्या पावसानंतर तीन-चार रात्री हातमोजे घालून वेचा. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, संध्याकाळी, फक्त त्या झाडावर, परात आणि कौलांपासून दूर. खोड लांबलचक आणि पानं विरळ होऊ लागली तर उजेड कमी आहे. भिंतीला पांढरा चुना मारा, फरक महिन्यात दिसतो. खालची पानं पिवळी आणि माती आंबूस, तर पाणी थांबवा.

तिसऱ्या वर्षी नेचे आणि अळू इतके दाटतात की जुलैत वाटावे लागतात. आमच्या समोरच्या काकूंना मी चार गड्डे दिले. देताना मुळांची माती झटकून टाकू नका, मूठभर तशीच ठेवा. त्यात गांडुळांची अंडी असतात, करड्या किड्यांची पिल्लं असतात, त्यांना ओल मिळायला तेवढी माती पुरते. फक्त ती माती एकदा वर्तमानपत्रावर मोकळी करून पाहा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे झुबक्यानं दिसले तर ती गोगलगायीची अंडी, तेवढी वेचून काढा आणि मग द्या.